शेवटपर्यंत बघ

हे लिहायचंच नाही, असं गोरखनं पक्कं केलं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. खोडायला त्याला चांगलं येतं. ह्या गोष्टीत जे वाटोळं झालं त्यातलं अर्धं त्या खोडण्यानंच झालं. शिवाय 'मी' लिहायला लागला की बोट अडायचं. 'गोरख' लिहिलं की सरकायचं. मग तसंच लिहिलं.

तर गोरख.

नसरापूरला सोमनाथशेठच्या मोबाईलच्या दुकानात रिपेअरिंगला. कोर्स नाही, काही नाही. डिस्प्ले बदलायचा, चार्जिंगची पिन बसवायची, पाण्यात पडलेला फोन परत उठवायचा, सगळं व्हिडिओ बघून शिकला. त्यामुळं त्याच्या डोक्यात एक बसलं होतं, की व्हिडिओ बघून कळत नाही असं जगात काही नाही.

ग्रुपमध्ये चौघं होते. वेल्ह्याच्या शाळेतले, एका बाकावरचे. अभिषेक सारोळ्याला हायवेवरच्या हॉटेलात काउंटरला बसायचा. इंद्रजित भोरला खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करत होता, चौथ्यांदा. आणि स्वरूप गावातच. तोरण्याच्या पायथ्याला त्याची भाताची खाचरं, दोन म्हशी, आई बनाबाई आणि दीड वर्षाखाली लग्न करून आणलेली सुलक्षणा. बाप लहानपणीच गेलेला. चुलते नाना शेजारच्या घरात राहायचे, आणि स्वरूपच्या घरातलं बरंवाईट तेच ठरवायचे.

ग्रुपचं नाव 'बघा नि सोडा'. दुसरं काही कामच नव्हतं त्या ग्रुपला. सकाळी उठल्यापासून व्हिडिओ. स्वरूप सगळ्यात जास्त टाकायचा. म्हशीचं दूध काढताना एका हातानं टाकतो का काय, अशी सगळ्यांना शंका होती.

एकदा त्यानं शिव्या देणारा पोपट टाकला.

"ह्यो इंद्र्याच्या घरचा दिसतोय," अभिषेकनं लिहिलं.

"आमच्या घरचा आसता तर इंग्लिशमधनं दिल्या आसत्या," इंद्रजित.

"तिसऱ्यांदा भरतीत पडलास तवा दिल्या की मराठीतनं," स्वरूप. "म्या सोता ऐकल्यात."

"सोरप्या, तुला लग्न मानवलंय. लई तोंड सुटलंय."

"घरात चालत न्हाई म्हून हितं चालवतोय बाबा."

असं चालायचं. आणि प्रत्येक व्हिडिओच्या वर एक ओळ लिहायची: 'शेवटपर्यंत बघा.' रिवाजच होता तो. कोण हातानं विहीर खणतोय, शेवटपर्यंत बघा. जेसीबीच्या बकेटात नवरदेव बसवलाय, शेवटपर्यंत बघा. शेवटपर्यंत कुणीच बघायचं नाही. पाच सेकंद बघायचं, हसायचं तोंड टाकायचं, पुढं सरकायचं. स्वरूप एकटाच खरंच शेवटपर्यंत बघायचा आणि वर विचारायचा, "दोन मिन्टावर त्यो म्हातारा काय म्हणतोय ऐकलं का?" कुणीच ऐकलेलं नसायचं.

गोरखला सापांच्या व्हिडिओचा नाद होता. साप पकडणारी पोरं, बरणीत भरणारी, जंगलात सोडणारी. शेकड्यानं बघितले असतील. मागं एकदा दुकानाच्या शटरमागं साप निघाला, सगळे दगडं घेऊन धावले, गोरखनं लांबून बघून सांगितलं, "धामण हाय, मारू नका." ती खरंच धामण निघाली. त्या दिवसापासून ग्रुपवर त्याचं नाव 'सर्पतज्ञ'. चेष्टाच होती. पण गोरखला ती गोड लागायला लागली होती. कुणी सापाचा फोटो टाकला की तो हातातला फोन ठेवून आधी तिकडं उत्तर द्यायचा. नाव सांगायचा, विषारी का बिनविषारी सांगायचा. चूक का बरोबर, हे कोण तपासायला बसलंय?

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. तिकडं वेल्ह्याच्या बाजूला भातकापणी जोरात होती.

त्या दिवशी सोमनाथशेठच्या वडिलांचा दहावा होता, सारोळ्याला, नीरेच्या काठी. दुकान बंद. गोरख सकाळी आठला तिथं गेला. बुवांचं प्रवचन चालू होतं. मग श्रद्धांजलीला उभे राहणारे, एकामागं एक, माईक सोडत नव्हते. पुढच्या दोन रांगा ऐकत होत्या. मागं बसलेले सगळे मोबाईल मांडीत धरून, आवाज बंद करून, मान खाली घालून बघत होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, किती दुःख झालंय सगळ्यांना.

नऊ चाळीसला स्वरूपचा व्हिडिओ आला. खाली लिहिलेलं:

"गोरख्या ह्यो कंचा? भाऱ्याखाली बसलाय. शेवटपर्यंत बघ मंग सांग."

गोरखनं उघडला. कापलेलं भात, पेंढ्यात वळसा घालून बसलेला जाड आखूड साप. नुसतं मधलं अंग दिसत होतं, तपकिरी, वर गडद चट्टे. डोकं पेंढ्यात. व्हिडिओ अठ्ठेचाळीस सेकंदांचा होता. गोरखनं सहा सेकंद बघितला. तेवढ्यात लोक कुजबुजले, "आला, आला." पिंडाच्या वर जांभळीवर कावळा येऊन बसला होता. गोरखनं मान वर केली. कावळ्याकडं बघत बघत अंगठ्यानं लिहिलं:

"डुरक्या घोणस. बिनविषारी. हातानं उचल नि बांधावर सोड. बायकोला घाबरतोस तेवढा सापाला घाबरू नको 😂"

अभिषेकनं लगेच टाकलं, "सर्पतज्ञांचा निकाल आला."

स्वरूपनं लिहिलं, "बरं."

कावळा उडून गेला. लोक परत बसले. शेठची थोरली बहीण हात जोडून म्हणाली, "तात्या, धाकट्याचं लगीन आमी करू, काळजी करू नगा." तरी कावळा येईना.

नऊ अठ्ठावन्नला स्वरूपचं, "चावला रं बोटाला."

गोरखनं लिहिलं, "डुरक्या चावला तर कायबी होत न्हाई. हळद लाव नि भात काप 😂😂"

हे दोन मेसेज. गोरखला ते आता देवाच्या आरतीसारखे पाठ आहेत.

*

दुपारी दुकान उघडलं. एका बाईचा फोन उघडून बसला होता, स्क्रू बारीक, मान वर काढायला सवड नाही. एक वाजता चहा प्यायला उठला तेव्हा बघितलं. स्वरूपचा आवाजी मेसेज आला होता, साडेबाराचा.

"गोरख्या, हात कोपरापातूर सुजलाय रं. आन् हिरड्यातनं रगात येतंय. ही म्हणतीया दवाखान्यात चला. तू नक्की डुरक्या म्हणलास ना?"

मागून सुलक्षणाचा आवाज, "ठिवा तो फोन आदी. उठा."

गोरखनं सकाळचा व्हिडिओ परत उघडला. ह्या वेळी आवाज चालू केला.

विसाव्या सेकंदाला स्वरूप काठीनं पेंढा बाजूला करतो. पंचविसाव्याला सगळं अंग दिसतं, पाठीवर बदामासारख्या ठिपक्यांच्या तीन साखळ्या, एकीला एक जोडलेल्या. एकतिसाव्याला त्रिकोणी डोकं वर येतं. आणि मग आवाज. कुकरची शिट्टी होण्याआधी कुकर जसा फुसफुसतो, तसा लांबच लांब. डुरक्या असा आवाज करत नाही. असा आवाज खरी, जहाल विषारी घोणस करते. सापांचा एक व्हिडिओ बघितलेल्या माणसालासुद्धा हे कळतं, आणि गोरखनं शेकड्यानं बघितले होते.

शेवटी सुलक्षणाचा आवाज येतो, "आवरा की लवकर, ऊन चढतंय." आणि स्वरूप म्हणतो, "थांब गं, इचारून घितो." तिथं व्हिडिओ संपतो.

गोरखनं चहा तसाच ठेवला. त्यानं फोन लावला. सुलक्षणानं उचलला.

"वयनी, दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता. जीप बघा, टेम्पो बघा, कायबी बघा."

"पर भावजी, तुमीच म्हणला हुता—"

"न्या म्हणतोय ना!"

नेलं. शेजारच्या पिकअपमध्ये घालून वेल्ह्याला. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, चावून किती वेळ झाला? तीन तासांच्या वर झाले होते. इंजेक्शनं दिली आणि पुण्याला हलवायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स नसरापूरच्या चौकातनंच जाणार होती. गोरख दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. गाडी गेली. आत कोण दिसलं नाही.

ती पुलापलीकडं गेल्यावर गोरखनं ग्रुप उघडला. सकाळच्या मेसेजवर बोट दाबून धरलं. 'सगळ्यांसाठी डिलीट.' मग दुसऱ्यावर. रोज दहा गिऱ्हाइकांना तो हे फुकट शिकवायचा.

दोन्ही जागी राहिलं, 'हा मेसेज डिलीट केला आहे.' मधोमध स्वरूपचं 'बरं' आणि 'चावला रं बोटाला' तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे स्वरूप गेला. किडन्या बंद पडल्या होत्या.

*

सरण पेटल्यावर माणसं मागं सरतात, दोन-दोन तीन-तीन करून उभी राहतात, तशी उभी होती. नाना गोरखपाशी आले. डोळे लाल.

"तीन तास घरात बसवून ठिवला पोराला," नाना म्हणाले. "हळद लावीत बसली व्हती ती. आडाणी न्हाई, धाव्वी शिकल्याली हाय. इचारलं तर म्हणती, दोस्तानं सांगितलं कायबी हुत न्हाई. काय रं गोरख, तू काय सांगितलं व्हतं?"

इंद्रजित बाजूलाच होता. त्यानं जमिनीकडं बघितलं. अभिषेक लाकडं सारायला गेला.

"म्या दवाखान्यात न्या म्हणलं, नाना," गोरख म्हणाला.

हे खरं होतं. एक वाजताचं खरं. पावणेदहाचं कुणी विचारलं नव्हतं, आणि गोरखनं सांगितलं नाही.

"व्हय ना? मला म्हाईतच व्हतं," नाना म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात गोरखला अजून आठवतो. जड होता, गरम होता.

खाली रस्त्यावर आल्यावर इंद्रजितनं त्याला टपरीच्या मागं ओढलं.

"बरं क्येलंस डिलीट क्येलंस. आता गप ऱ्हा."

"इंद्र्या, वयनीवर आळ घ्यायला लागल्यात सगळे."

"दोन दिस घेतील, मंग इसरतील. तू काय डॉक्टर हायस? त्यानं इचारलं, तू सांगितलं. ग्रुपवर आपण चेष्टा करतो हे त्याला म्हाईत न्हवतं का?"

"त्यो चेष्टा करत न्हवता. शेवटपर्यंत बघ म्हणला व्हता."

"सगळेच म्हणत्यात शेवटपर्यंत बघ!" इंद्रजितचा आवाज चिरकला. "माजी भरती हाय जानेवारीत. पोलीस केस झाली, साक्षीला नाव आलं, तर माजं काय? आभ्याला इचार."

अभिषेक नुसता म्हणाला, "मला ह्यात घिऊ नका. म्या फकस्त एक लाईन लिवली व्हती."

स्वरूप गेल्याच्या चौथ्या दिवशी तो व्हिडिओ फिरायला लागला. कुणीतरी सारोळ्याच्या हॉटेलात कुणालातरी पाठवला असणार. गोरखला सहा ग्रुपमधनं आला. वर लिहिलेलं, 'वेल्ह्यातील शेतकऱ्याचा शेवटचा व्हिडिओ. शेवटपर्यंत बघा.' दुकानात चार्जर घ्यायला आलेला माणूस गोरखलाच दाखवत होता. "बघा ना, किती जवळनं काढलाय. आन् मागनं बायको बोलतीया ती आयका. आवरा म्हणं लवकर. नवऱ्याचा जीव चाललाय आन् हिला भाऱ्याची घाई."

"बघितलाय," गोरख म्हणाला.

"शेवटपातूर बघा पर."

खाली शेरे आलेले. अशा बायका असतात. हिनंच धरायला लावला. हिला विचारा. एकानं लिहिलेलं, बिचारा कुणाला तरी विचारणार होता. कुणाला, हे कुणीच विचारलं नव्हतं.

*

सातव्या दिवशी दुपारी गोरखचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, स्वरूप. वर त्याचा फोटो, म्हशीच्या शिंगाला हात लावून हसणारा.

गोरखनं चिमटा खाली ठेवला. शेवटची रिंग संपता संपता त्यानं उचलला.

"भावजी, म्या सुलक्षणा."

"बोला वयनी."

 हळू आवाजात, कुणी ऐकू नये असं, ती बोलली. "तुमी मोबाईलचं काम करता ना, म्हून इचारते. डिलीट झालेलं माघारी येतं का?"

गोरख उठून दुकानाबाहेर पायरीवर आला.

"ह्यांच्या फोनमदी दोन मेसेज डिलीट झाल्यात. त्या दिवसाचेच हायेत. वर नाव तुमचंच हाय." ती तक्रार करत नव्हती. गिऱ्हाईक विचारतं तसं विचारत होती. "मला ह्यांनी वाचून दाखिवला व्हता एक. हळदीचा. म्या म्हणलं दवाखान्यात जाऊ, ते म्हणले गोरख्याला सापातलं कळतं, बस गप. पर आता म्या सांगितलं तर कुणी मानत न्हाई. सासूबाई माज्या हातचं पाणी पेत न्हाईत. तेरावं झालं की भाऊ येणार हाय न्यायला, नानांनी बोलिवलंय. मला जायाला काय न्हाई. माहेर हाय मला. पर जाताना ह्ये नाव घिऊन जायाचं..." तिनं परत विचारलं, "येतं का वो माघारी?"

"न्हाई येत," गोरख म्हणाला.

हेही खरं होतं. फोनमधनं येत नाही.

"बरं," सुलक्षणा म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी गोरखनं दोन फोन बिघडवले. एकाची आतली वायरची पट्टी तोडली, एकाचा डिस्प्ले दाबून फोडला. सोमनाथशेठ म्हणाले, "दोस्त गेला म्हून चार दिस सुट्टी घे." गोरखला वाटलं, आता कुणी चांगलं बोलू नये.

भीती कसली होती, हे त्यानं स्वतःला नीट विचारलं. पोलिसांची थोडी होती. पण खरी भीती बनाबाईची होती. शाळेतनं येताना तिच्या घरी नाचणीची भाकरी खाल्ल्याशिवाय ती कुणाला पुढं जाऊ द्यायची नाही. "सोरप्याचा दोस्त म्हंजी माजंच," म्हणायची. तिच्या तोंडाकडं बघून ते दोन मेसेज म्हणायचे, हे काही त्याच्यानं होत नव्हतं. आणि तो जितके दिवस गप्प बसणार, तितके दिवस सुलक्षणा तिथं पाणी भरून ठेवणार आणि ते कुणी पिणार नाही. एवढा सरळ हिशेब होता. तो दोन दिवस तरीही गप्प बसला. हे लिहिताना लाज वाटते, पण बसला.

*

स्वरूपचा दहावा गावाखाली नदीच्या काठाला. गोरखनं फोन बंद करून खिशात ठेवला होता. बाकीचे नेहमीसारखेच मांडीतल्या मोबाईलमध्ये माना घालून बसलेले.

बायका एका कडंला बसल्या होत्या. सुलक्षणा त्यांच्यातही जरा लांब, एकटी. बनाबाईनं तिच्याकडं पाठ केलेली.

पिंड ठेवला. सगळे मागं सरले. गोरखनं मनाशी ठरवलं होतं, कावळा थांबणार. हजार टक्के थांबणार. मग सगळे आपापला शब्द देतील, आणि तरी शिवणार नाही, आणि शेवटी आपण पुढं जायचं आणि बोलायचं. तेव्हा तरी बोलायलाच लागेल. म्हणजे बोलायचं कामही त्यानं कावळ्यावरच टाकलं होतं.

नाना हात जोडून पुढं झाले. "सोरूप, बाबा, तुज्या आयचं म्या बघतो. म्हशी बघतो—"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली उतरला. दोनदा चोच मारली, आणि घास घेऊन उडाला.

"शिवला! शिवला!" लोक म्हणाले. "पोराचं कशात मन नव्हतं राह्यलं." बायका रडायला लागल्या. माणसं धोतर झाडत, पँट झाडत उठायला लागली. गोरख तसाच बसून राहिला. स्वरूपनं त्याच्यासाठी काही थांबवून धरलं नव्हतं. जिवंत होता तेव्हाही असाच होता. कुणाला अडवायचा नाही.

माईकवाला वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "कुणाला दोन शब्द बोलायचं आसलं तर बोला, न्हाईतर बंद करतो."

गोरख उठला. मागनं इंद्रजितनं त्याच्या शर्टाची कड धरली. "गोरख्या. बस खाली. आयची शपथ हाय तुला."

गोरखनं शर्ट सोडवला आणि माईक घेतला. माईक चालू का बंद हे त्याला कळेना. फुंकर मारली. नदीपलीकडनं ती परत आली.

"म्या गोरख. नसरापूरला आसतो. स्वरूपचा दोस्त." पुढचं येईना. मग त्यानं ते दोन मेसेज म्हणायला सुरवात केली, कारण तेवढंच पाठ होतं. "त्या दिवशी नऊ चाळीसला स्वरूपनं मला सापाचा व्हिडिओ पाठिवला. इचारलं ह्यो कंचा. म्या आवाज बंद ठिवून सहा सेकंद बघितला. म्या लिवलं, डुरक्या घोणस. बिनविषारी. हातानं उचल नि बांधावर सोड."

उठलेली माणसं उभ्याची उभी राहिली.

"मंग त्यो चावला. त्यानं मला सांगितलं. म्या लिवलं, कायबी होत न्हाई. हळद लाव नि भात काप." त्यानं माईक दुसऱ्या हातात घेतला.  "फुडं हसायची तोंडं टाकली व्हती. दोन. वयनी दवाखान्यात चला म्हणत हुत्या, तर त्यो म्हणला, गोरख्याला कळतं. मला कळत न्हवतं. ती विषारी घोणस व्हती. त्याला पुण्याला न्हेत व्हते तवा म्या ते मेसेज खोडले. नाना, तुमी इचारलं तवा म्या अर्धंच सांगितलं. वयनींनी कायबी क्येलेलं न्हाई. तीन तास म्या घालिवल्यात."

माईक खाली ठेवला. तो वाजला, खरखरला.

नाना चालत आले. गोरखला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. नाना नुसते त्याच्यासमोर उभे राहिले, ज्या हातानं खांदा धरला होता तो हात वर उचलला, आणि परत खाली घेतला. "सरणापाशी इचारलं व्हतं रं तुला," म्हणाले. "सरणापाशी." आणि वळून गेले.

बनाबाई उठली. तिला दोघींनी धरली होती. ती गोरखच्या पुढ्यात आली आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, ओळख पटवत असल्यासारखी.

"माज्या घरी जेवलाईस तू," ती म्हणाली.

एवढंच. मग मागं फिरली आणि लांब बसलेल्या सुलक्षणापाशी जाऊन उभी राहिली.  मग म्हणाली, "ऊठ. घरी चल. सकाळधरनं पाण्याचा थेंब न्हाई पोटात तुज्या."

सुलक्षणा उठली. जाताना तिनं गोरखकडं बघितलं नाही. त्यानंही तशी अपेक्षा ठेवली नव्हती.

वडाखाली एकाचा मोबाईल वर धरलेला होता. सगळं बोलणं संपेपर्यंत तो हात खाली आला नव्हता.

*

चार वाजेपर्यंत गोरखला तो व्हिडिओ आला. दोन मिनिटं अकरा सेकंद. 'दोस्तानेच घेतला दोस्ताचा जीव. दहाव्यात दिली कबुली. शेवटपर्यंत बघा.'

गोरखनं बघितला. आवाज चालू करून, शेवटपर्यंत. दहाव्यातला त्याचा आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक होता. शेवटी कॅमेरा हलतो, आणि सुलक्षणाची पाठ दिसते, बनाबाईच्या मागनं चढ चढताना. मग संपतं.

खाली शेरे होते. ते इथं लिहीत नाही. काही खरे होते.

इंद्रजित ग्रुपमधनं बाहेर पडला. दहा मिनिटांनी अभिषेक. त्यानं जाता जाता लिहिलं, "आमचं नाव नको घ्यायला हुतंस." गोरखनं त्यांचं नाव घेतलंच नव्हतं. अभिषेकनं शेवटपर्यंत बघितला नसणार.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या चौकीतनं फोन आला, येऊन जबाब देऊन जा. गेला. दिला. पुढं काय होईल ते होईल. सोमनाथशेठनं दुकानातनं काढलं नाही, पण गिऱ्हाईक आता फोन देताना जरा तोंडाकडं बघून देतं. परवा एक पोरगी आली, तिच्या फोनला रेंज धरत नव्हती. "काय झालंय?" विचारलं. गोरखनं उघडून बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाला, "मला न्हाई कळत. पुण्याला दावा." हे असं तो नोकरी लागल्यापासनं पहिल्यांदा म्हणाला. तोंडातनं निघायला जड गेलं.

ग्रुपमध्ये आता दोघंच आहेत. गोरख आणि स्वरूपचा नंबर. तेराव्याला भाऊ आला होता, सुलक्षणाला न घेताच परत गेला, असं कळलं. म्हणजे तो फोन अजून त्याच घरात असणार, फळीवर, नाहीतर तिच्या उशाशी. चार्जिंग करतात की नाही कोण जाणे.

वर सरकवत गेलं की सगळं दिसतं. पोपट. जेसीबी. मग अठ्ठेचाळीस सेकंद. मग डिलीट, 'बरं', 'चावला रं बोटाला', डिलीट. गोरख रोज तिथपर्यंत जातो आणि परत येतो.

आज त्याच ग्रुपवर लिहिलं. लिहून झाल्यावर अंगठा दोन मिनिटं वर धरून ठेवला. मग पाठवलं:

"सोरप्या, हितनं फुडं कुणीबी काय दाखिवलं तर आवाज चालू करून शेवटपर्यंत बघीन. कळलं न्हाई तर कळत न्हाई म्हणीन. आन् ह्ये खोडणार न्हाई."